बोअर ४७ चं ५२ झालं आणि पार्ट नंबर तोच?

हाउसिंगमधलं, म्हणजे बेअरिंग बसवायच्या कवचातलं, ६२०४ नंबरचं बेअरिंग गेलं, ६२०५ आलं. लोड वाढला, शाफ्ट २० चा २५ झाला, डिझाइन बदललं, त्याबद्दल तक्रार नाही. बेअरिंगचं बाहेरचं माप ४७ मिमीवरून ५२ वर गेलं, रुंदी १४ ची १५ झाली, म्हणजे हाउसिंगचं बोअर, बेअरिंग बसायचं भोक, तेही बदललं आणि सीटची खोलीही. आणि एवढं सगळं करून ड्रॉइंगवर काय केलं? रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची आवृत्ती, बी ची सी केली! पार्ट नंबर जसाच्या तसा. ईसीएनवर, म्हणजे डिझाइन-बदलाच्या नोटिशीवर, "बोअर बदलले" असे दोन शब्द, खाली सही, लागू: तत्काळ.

आता स्टोअरमध्ये जाऊन त्या बिनमध्ये डोकवा. बी चे चाळीस नग, सी चे साठ नग, एकच टॅग. सिस्टिम सांगते स्टॉक शंभर. प्लॅनिंग खूश, परचेस खूश. असेंब्लीवाला हात घालतो, हाताला येईल तो नग घेतो, बेअरिंग बसत नाही, लाइन थांबते. तो तरी बरा, निदान चूक तिथेच कळली. जुन्या मशिनच्या स्पेअरसाठी सी चा नग गेला तर तिकडे ६२०४ त्या बोअरमध्ये ५ मिमी ढिलं खुळखुळतं आणि मशिन उघडून ठेवलेलं असतं. मग मीटिंग होते आणि विचारलं जातं, "स्टोअरने बघून का नाही दिलं?" चोर सोडून संन्याशाला फाशी! स्टोअरकडे नंबर आहे. नंबर एक, तर वस्तू एक, असंच तो समजणार. त्याने दर नगाला व्हर्निअर लावत बसायचं का?

नियम इतका साधा आहे की राग येतो. जुन्या नगाच्या जागी नवा बसवून चालला पाहिजे आणि नव्याच्या जागी जुना बसवूनही चालला पाहिजे. दोन्हीकडून चालत असेल तर रिव्हिजन वाढवा, नंबर तोच ठेवा. एकीकडूनही अडत असेल तर नवा नंबर. "पण नवा जुन्याच्या जागी चालतो की!" चालतो ना, मग नवा नंबर द्या आणि सिस्टिममध्ये जुन्याला पर्याय म्हणून जोडा, एकाच दिशेने. त्यासाठी रकाना दिलेला असतो. तो कोणी भरत नाही ही गोष्ट वेगळी.

आणि "माप तेच आहे" हे कारण तर अजिबात देऊ नका. नायट्राइल रबराची ओ-रिंग व्हायटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराची केली तर माप तेच राहतं, बसतेही तशीच. गरम तेलात नायट्राइल कडक होऊन चिरते आणि गळती सुरू होते. बसते एवढ्यावर भागत नाही, तिथे टिकलीही पाहिजे. नवा नंबर!

खरं घोडं पेंड खातं ते याच्या वरच्या पायरीवर. हाउसिंगला नवा नंबर मिळाला, शाफ्टला मिळाला, मग ते जोडून बनणाऱ्या सब-असेंब्लीचं काय? इथे दोनच जातीची माणसं भेटतात. एक जण कुठलाच नंबर बदलत नाही. दुसरा थेट मशिनपर्यंत सगळे नंबर बदलून मोकळा होतो. अरे, प्रत्येक पायरीवर तोच प्रश्न विचारा. सब-असेंब्लीचे माउंटिंग होल तेच, सेंटर हाइट तीच, शाफ्टचं बाहेर येणारं टोक तेच, क्षमता कमी झालेली नाही, म्हणजे ती अख्खी उचलून जुन्याच्या जागी बसते आणि जुनी नव्याच्या जागी चालते? मग तिचा नंबर तोच, बीओएम, म्हणजे तिच्या भागांची यादी, बदलली म्हणून तिची रिव्हिजन वाढेल, आणि तिथेच थांबायचं. शाफ्टचं टोकही जाड झालं, कपलिंग बदलावं लागलं, तर सब-असेंब्लीलाही नवा नंबर आणि प्रश्न एक पायरी वर. जिथे अदलाबदल पुन्हा जमते तिथे साखळी तुटते.

बीओएमच्या प्रत्येक ओळीत रिव्हिजन लिहिणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. वॉशरच्या ड्रॉइंगवरची टीप सुधारली, ए ची बी झाली, की त्याच्या वरची असेंब्ली बदला, तिच्या वरची बदला, पाच पायऱ्या चढा, सह्या गोळा करा. वॉशर तोच आहे! बीओएममध्ये फक्त नंबर ठेवा. रिव्हिजन परचेस ऑर्डरवर लिहा, तिथे ती हवीच, कारण व्हेंडरने कुठल्या ड्रॉइंगवर नग बनवला हे तिथूनच कळतं. तिथे मात्र हटकून रकाना रिकामा.

मग येतात हुशार नंबर. पहिली दोन अक्षरं मटेरियलची, पुढचे दोन अंक ग्रुपचे, मग डावा-उजवा, मग प्रोजेक्ट. स्टेनलेसचा नग माइल्ड स्टीलचा झाला की नंबर आयुष्यभर खोटं बोलतो. ग्रुप ९९ च्या पुढे गेले की सगळी रचना कोसळते, आणि ती समजावणारा माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला असतो. नंबर मुका असू द्या, नुसता पुढचा पुढचा. मटेरियल, ग्रेड, फिनिश यांना वेगळे रकाने द्या. ते रकाने नीट नसतात म्हणूनच एम६×२० चा एकच एलन बोल्ट "बोल्ट एलन", "स्क्रू सॉकेट हेड", "एलन बोल्ट काळा" आणि नुसता "एम६" अशा चार नंबरांनी नांदतो. उलट वेगवेगळ्या ताकदीचे ग्रेड ८.८ आणि १२.९ एकाच नंबरखाली पडतात, जिथे दोन नंबर हवेच होते.

त्यात एक्सेल. ००४५१२३७ टाका, पुढची दोन शून्यं गिळतो. ४५१२ई३ असा नंबर दिला की त्याला तो गणितातला आकडा वाटतो आणि पंचेचाळीस लाख बारा हजार करून ठेवतो. सीएसव्ही उघडून पुन्हा सेव्ह केली की मूळ नंबर गेला, परत येत नाही. फाइल डबल क्लिक करून उघडू नका, इम्पोर्ट करा आणि तो कॉलम टेक्स्ट ठरवून द्या. मुळात नंबरच्या सुरुवातीला शून्य आणि अंकांच्या मध्ये ई ठेवायचाच कशाला? रिव्हिजनच्या अक्षरांतही एएसएमई वाय१४.३५ या ड्रॉइंग-रिव्हिजनच्या अमेरिकन मानकामध्ये आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड वगळलेली आहेत, कारण ओ आणि शून्य, आय आणि एक यांत गल्लत होते. वाय नंतर थेट एए. तरीही कुठे ना कुठे रिव्हिजन ओ दिसतेच.

कॅडमध्ये वेगळाच तमाशा. मिळताजुळता पार्ट उघडायचा, सेव्ह ॲज करायचं, फाइलला नवा नंबर द्यायचा. आत कस्टम प्रॉपर्टीमध्ये जुनाच नंबर. ड्रॉइंगवरची नाव-नंबरची चौकट, म्हणजे टायटल ब्लॉक, तिथूनच वाचतो, म्हणून एकाच नंबरची दोन वेगळी ड्रॉइंग छापून बाहेर. दुसरा शहाणा फाइलचं नाव फोल्डरमध्येच बदलतो आणि असेंब्ली उघडली की "फाइल सापडत नाही". बदलायचं तर असेंब्लीला कळेल अशा रीतीने कॅडमधून किंवा व्हॉल्टमधून, म्हणजे कॅड फाइली सांभाळणाऱ्या सिस्टिममधून, बदला ना!

आणि मशिनपाशी टांगलेला तो प्रिंट. तेलाने पिवळा पडलेला, १२ चं माप लाल पेनाने खोडून १२.५ केलेलं, बाजूला कुणाचं तरी आद्याक्षर, तारीख नाही. १२.५ च बरोबर आहे, म्हणून तर नग पास होतात. पण ही दुरुस्ती ड्रॉइंगमध्ये कधी पोचलीच नाही. नवा व्हेंडर अधिकृत ड्रॉइंगवरून १२ चे नग बनवतो, अख्खा लॉट रिजेक्ट होतो, आणि तो ड्रॉइंग पुढे करतो तेव्हा कुणाकडे उत्तर नसतं.

राहता राहिलं ते "तत्काळ लागू". माल स्टोअरमध्ये आहे, मशिनवर अर्धवट आहे, व्हेंडरकडे आहे, रस्त्यात आहे, स्पेअरच्या कपाटात आहे. या पाचही ठिकाणच्या मालाचं काय करायचं, आहे तसा वापरायचा, रिवर्क करायचा की भंगारात टाकायचा, हे ईसीएनवर ठिकाणागणिक लिहायचं असतं. ४७ चं बोअर ५२ करता येतं, मटेरियल शिल्लक आहे, रिवर्क करून नवा नंबर मारा. ५२ चं ४७ होत नाही. आणि कुठल्या सिरियल नंबरपासून लागू, ते लिहा, म्हणजे उद्या स्पेअर मागणाऱ्याला कुठला नग पाठवायचा हे विचारायला डिझाइनमध्ये फोन करावा लागणार नाही.