खाकी पाऊच आणि हिरवे पान

आमच्या भागातील एका जुन्या फरसाणाच्या दुकानाने पारदर्शक पिशव्या बंद करून खाकी कागदी पाऊच आणले आहेत. त्यावर हिरवे पान छापले आहे आणि खाली ‘पर्यावरणपूरक’ असे ठसठशीत लिहिले आहे. आज गल्ल्यावरच्या काकांनी तो पाऊच मला मोठ्या अभिमानाने दाखवला आणि ‘ताई, आम्ही प्लॅस्टिक सोडलं’ असे सांगितले. त्यांच्या अभिमानाचा मला राग आला नाही, कारण त्यांना तो माल ज्याने विकला त्याने हेच सांगितले असणार. मात्र घरी येऊन पाऊचची कड फाडली, तेव्हा कागदाच्या आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा चकचकीत थर दिसला आणि तेव्हापासून माझे डोके शांत झालेले नाही.

दिवाळीनंतर आमच्या सोसायटीत कचरा गोळा करणाऱ्या मावशींनी असाच एक पाऊच हातात धरून मला जे सांगितले होते, ते या निमित्ताने पुन्हा आठवले. ‘हा कागदवाला घेत नाही आणि प्लॅस्टिकवालाही घेत नाही, याचं मी काय करू?’ असे त्यांनी विचारले होते. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था २००८ पासून काम करते आहे, आणि या बायकांच्या कमाईचा एक भाग सुका कचरा विकून येतो, हे इथल्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. पाण्याची रिकामी बाटली रस्त्यावर फार काळ पडून राहत नाही, कारण भंगारात तिला भाव आहे. दुधाच्या पिशवीलाही भाव आहे. जुनी पारदर्शक पिशवी कोरडी आणि स्वच्छ असेल तर तिलाही कोणीतरी घेणारा मिळतो. या खाकी पाऊचला मात्र कोणीही विचारत नाही, आणि तरीही त्याच्यावर हिरवे पान आहे.

हे पाऊच सरसकट वाईट आहेत, असे मला म्हणायचे नाही. आतला थर नसेल तर चिवडा दमट होतो, शेव खवट होते आणि वाया गेलेले अन्न हेही नुकसानच असते, एवढे मी मान्य करते. पण चिवडा टिकवायला कागद आणि प्लॅस्टिक एकमेकांना कायमचे चिकटवणे हाच एक मार्ग आहे काय? एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे, म्हणजे वितळवून पुन्हा वापरता येण्याजोगे पाऊच आता बनतात. दिसायला ते प्लॅस्टिकच दिसतात, त्यामुळे त्यांच्यावर पान शोभत नाही, आणि माझ्या मते ते मागे पडण्याचे हेच खरे कारण आहे. वेष्टन कसे असावे हे कचऱ्याच्या टोपलीपाशी न ठरता जाहिरातीच्या टेबलावर ठरते आहे.

कायद्यानेही आपली निराशाच केली आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांत पुनर्वापर न होणारी बहुथरी (म्हणजे या पाऊचसारखी, थरावर थर चिकटवलेली) वेष्टने दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तरतूद होती. ती दोन वर्षे पुरी होत असतानाच, मार्च २०१८ मध्ये, नियम बदलला आणि ज्या वेष्टनांपासून ऊर्जा मिळवता येते किंवा ज्यांचा अन्य काही उपयोग आहे, त्यांना मोकळीक मिळाली. भट्टीत जाळता येते म्हणून वेष्टन चालेल, हा हिशेब मला आजही पटत नाही. त्याच वर्षी महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदी आणली, तेव्हा दुधाच्या पिशवीवर ती परत घेण्याची किंमत, किमान ५० पैसे, छापण्याची अट घातली होती. आमच्या दूधवाल्याने रिकामी पिशवी घेऊन पैसे परत दिल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. २०२२ मध्ये केंद्राने वेष्टनांच्या कचऱ्याबाबत उत्पादकांची जबाबदारी सविस्तर ठरवून दिली आणि २०२५-२६ पासून वेष्टनांत पुनर्वापरित प्लॅस्टिकचे किमान प्रमाण बंधनकारक केले. कडक डब्या-बाटल्यांसाठी ते ३० टक्के, निव्वळ प्लॅस्टिकच्या लवचिक पिशव्यांसाठी १० टक्के आणि प्लॅस्टिकला कागदासारखा दुसरा थर जोडलेल्या बहुथरी वेष्टनांसाठी अवघे ५ टक्के आहे. पाऊल योग्य आहे, हे मी नाकारत नाही. पण सर्वांत त्रासदायक वेष्टनावर सर्वांत हलके ओझे ठेवलेले पाहून संताप होतो.

कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचे कौतुक करणाऱ्या मित्रांनाही सांगायचे आहे की मक्यापासून बनणाऱ्या पीएलएसारख्या प्लॅस्टिकला कुजण्यासाठी साठ अंशांच्या आसपासचे तापमान टिकवून धरणारा मोठा प्रकल्प लागतो. आपल्या गच्चीवरच्या कंपोस्टच्या पिंपात ते महिनोन्‌महिने तसेच राहते, आणि चुकून बाटल्यांच्या ढिगात गेले तर त्या बाटल्यांचा मालही बिघडवते. मावशींनी हे दोन्ही नुसत्या नजरेने वेगळे करावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, म्हणून शांतपणे मागणे मांडते. माझ्या मित्रयादीत फराळाचे घरगुती व्यवसाय करणाऱ्या मैत्रिणी आहेत, दोघेतिघे पॅकिंगच्या धंद्यातलेही आहेत. नवीन पाऊचची ऑर्डर देण्यापूर्वी त्याचा एक नमुना आपल्या भागातल्या भंगारवाल्याकडे न्या आणि हा किलोने घेणार का, एवढेच विचारा. तो नाही म्हणाला तर पुरवठादाराला तो नमुना परत करा आणि एकाच जातीच्या प्लॅस्टिकचा पाऊच मागा. किलोमागे थोडे जास्त पैसे पडतील. ते आमच्याकडून घ्या, आम्ही देऊ. आणि फरसाणाच्या दुकानात घरचा डबा घेऊन गेले तर वजन करून त्यात माल देण्याची सोय ठेवा. मी उद्या त्या काकांकडे जाऊन हेच सांगणार आहे, फाडलेला पाऊच सोबत घेऊन.