लांडग्याच्या ४० जाती? मोजणी कुठे चुकते

बडोद्याच्या मराठी व्हॉट्सॲप गटांमध्ये लांडग्यांवरचा एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की जगात लांडग्यांच्या ४० जाती आहेत. तास्मानियाचा लांडगा आणि दक्षिण अमेरिकेतला आयाळवाला लांडगा त्यांतच धरलेत. नामशेष झालेला डायर वुल्फ म्हणे शास्त्रज्ञांनी परत आणला. कळपाचा ‘अल्फा’ नर मारामारी जिंकून गादीवर बसतो. आणि आपल्याकडचा लांडगा तर खरा लांडगाच नव्हे, गावठी कुत्र्यांशी संकर होऊन उरलेलं किडकिडीत जनावर. सोबत पुरावा म्हणून एक फोटो.

आधी ४० चा आकडा. तो अगदीच हवेतून आलेला नाही. सस्तन प्राण्यांच्या २००५ च्या जागतिक सूचीत करड्या लांडग्याच्या ३८ उपप्रजाती नोंदल्या आहेत, त्याच कुणीतरी गोळाबेरीज करून ४० केल्या असाव्यात. पण उपप्रजाती म्हणजे एकाच प्रजातीची प्रादेशिक रूपं. शिवाय त्या ३८ मध्ये पाळीव कुत्रा आणि ऑस्ट्रेलियातला डिंगो हा रानकुत्राही आहे. म्हणजे हाच हिशेब धरला तर दारातला मोत्याही लांडग्याची एक ‘जात’ ठरतो! १९०५ नंतर न दिसलेला जपानचा होन्शू लांडगाही त्याच यादीत आहे.

स्वतंत्र प्रजाती एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. करडा लांडगा आपला, युरोपचा आणि उत्तर अमेरिकेचाही. इथिओपियाचा लांडगा साधारण ३,००० मीटरच्या वरच्या पठारांवर राहतो, मुख्यतः बिळात राहणारे उंदीर-घुशी खातो. त्याचे प्रौढ प्राणी ५०० हूनही कमी उरलेत, आणि गुराख्यांच्या कुत्र्यांकडून येणारा रेबीज हा त्याचा मोठा शत्रू. अमेरिकेतला लाल लांडगा १९८० मध्ये रानातून संपल्याचं जाहीर झालं. पिंजऱ्यातल्या १४ जनावरांपासून त्याची पैदास करून १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात तो पुन्हा सोडला गेला. आफ्रिकेतला सोनेरी लांडगा २०१५ पर्यंत कोल्हा म्हणून मोजला जात होता, डीएनए तपासल्यावर त्याला बढती मिळाली. पूर्व कॅनडातल्या लांडग्याला वेगळी प्रजाती मानायचं की नाही, यावर अजून वाद आहे.

नावात लांडगा असला म्हणून कुणी लांडगा होत नाही. तास्मानियाचा ‘लांडगा’ पोटाला पिशवी असलेला, कांगारूच्या गोतावळ्यातला प्राणी होता. त्यातला शेवटचा ज्ञात जीव १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. आयाळवाला लांडगा श्वानकुळातला खरा, पण त्याची शाखा वेगळी, आणि फळं हा त्याच्या आहाराचा मोठा भाग.

डायर वुल्फच्या हाडांतला डीएनए २०२१ मध्ये वाचला गेला. त्यातून दिसलं की त्याची शाखा लांडग्यांच्या शाखेपासून सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. ‘परत आणलेला डायर वुल्फ’ म्हणून २०२५ मध्ये गाजलेली पांढरी पिल्लं करड्या लांडग्याच्या पेशीत १४ जनुकांवर २० बदल करून जन्माला घातली. बाकी सगळा जनुकसंच करड्या लांडग्याचाच. रंगरूप बदललेला करडा लांडगा, इतकंच.

‘अल्फा’ची कल्पना १९४७ च्या एका अभ्यासातून रुजली. तो अभ्यास पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचा होता, तिथे भांडणं होणारच. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची गेल्या एक-दोन वर्षांची पिल्लं. ही कल्पना लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये ती मागे घेतली. बापाला ‘अल्फा’ कशाला म्हणायचं?

आता आपला लांडगा. इथे मजकूर सर्वांत जास्त चुकतो. १८३१ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्सने याचं शास्त्रीय वर्णन केलं ते दख्खनमधल्या नमुन्यांवरून. नाव दिलं ‘पॅलिपेस’, म्हणजे फिकट पायांचा. वजन साधारण १८ ते २५ किलो. उत्तर कॅनडातला नर सहज याच्या दुप्पट भरतो, पण त्याला मूस हे अवाढव्य हरीण आणि बायसन पाडायचा असतो, याला काळवीट, ससा नाहीतर धनगराची शेळी. उन्हाळा ४५ अंशांवर जाणाऱ्या माळावर दाट लोकर अंगावर वागवणं परवडणारं नाही, म्हणून अंगावर आतली मऊ लव नावापुरतीच. हा किडकिडीतपणा नव्हे, माळाचा हिशेब आहे. वंशावळीतही तो उपरा नाही: २००४ आणि २०२१ च्या जनुकीय अभ्यासांत भारतीय लांडग्याची शाखा हयात करड्या लांडग्यांतल्या सर्वांत जुन्या शाखांमध्ये निघाली.

संकराचा मुद्दा मात्र सरसकट उडवून लावता येत नाही. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर डीएनए तपासणीत सिद्ध झाला आहे. कळप सोडून निघालेल्या जनावराला जोडीदार लांडगा भेटला नाही, आणि माळाभोवती मोकाट कुत्री भरपूर असली, की हे घडतं. रंग वेगळा दिसला की शंका येते, खात्री विष्ठेतल्या किंवा केसातल्या डीएनएनेच होते. पण म्हणून सगळा भारतीय लांडगा संकरित ठरत नाही. गुजरातच्या वनखात्याने २०२३ मध्ये २२२ लांडगे मोजले, त्यांतले ८० एकट्या भावनगर जिल्ह्यात, वेळावदरची काळवीटं जिथे आहेत तिथे.

राहिला फोटो. त्यातल्या जनावराची पाठ मागे उतरती आहे, मानेवर उभी आयाळ आहे, पायांवर आडवे पट्टे आहेत. तो लांडगा नाही, तरस आहे, गुजरातीत झरख. हिंदी बातमीतला लकडबग्घा मराठीत येताना बऱ्याचदा लांडगा होतो, तसंच इथे झालं असावं. ठसे मिळाले तर फरक आणखी सोपा. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. लांडगा दुडक्या चालीने जाताना मागचा पाय बहुतेकदा पुढच्याच ठशात टाकतो, त्यामुळे त्याचा माग जवळपास एका सरळ रेषेत जातो. मोकाट कुत्र्याचा माग इकडेतिकडे भरकटलेला असतो.