उलटी बाजू

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात आणि आमच्या घरी याच मुहूर्तावर आईचा शिवणवर्ग भरतो. बहिणीची मुले सुट्टीला आलेली असतात म्हणून सापडतात आणि मी घरचाच असल्याने आयताच सापडतो. माझ्या बायकोला मात्र यातून सूट आहे, कारण सुनेला शिकवले तर तो सासुरवास ठरतो आणि मुलाला शिकवले तर ते संस्कार ठरतात, असे आईचे साधे गणित आहे.

हल्ली शिंप्याकडे फाटकी पँट नेली, तर तो ती दोन बोटांत धरून पाहतो आणि ‘नवीनच घ्या ना साहेब’ हा सल्ला फुकट देतो. ज्या मुलखाच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो आणि जिथे अमळनेरात प्रताप मिल उभी राहिली, तिथल्या माणसाने एका खोंबाऱ्यापायी धडधाकट पँट टाकून द्यावी, हे आईला मुळीच मंजूर नाही.

पहिला पाठ सुईचा. हातशिलाईच्या सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होत जाते, म्हणजे ५ नंबरची जाड आणि १० नंबरची बारीक. यंत्राच्या सुईचे मात्र बरोब्बर उलट, तिथे ९ नंबरची तलम कापडाला आणि १६ नंबरची जीन्सला. हे शास्त्र डोक्यात बसते न बसते तोच सुई ओवण्याची वेळ येते आणि दोरा हलू नये म्हणून आई पंखा बंद करायला लावते. मे महिन्यात, पारा ४५ अंशांना टेकलेला असताना, जळगावात पंखा बंद करणे म्हणजे काय, हे पुण्याच्या वाचकांना सांगून कळणार नाही. घामाने दोरा भिजतो, सुई बोटांतून निसटून चटईत गडप होते आणि ती कुणाच्या तरी पायाला सापडेपर्यंत वर्ग तहकूब राहतो.

खरी कसोटी रफूची. त्याचा दोरा विकत आणायचा नसतो. तो त्याच पँटीच्या आतल्या दुमडीतून काढायचा, म्हणजे रंग जुळतो. भोकाच्या बाहेर, चांगल्या कापडापासून सुरुवात करून आधी शेजारी शेजारी उभे धागे घालायचे, मग आडवा धागा एकाखालून, एकावरून न्यायचा आणि प्रत्येक वळणावर किंचित ढील सोडायची, नाहीतर धुतल्यावर दोरा आखडून कापडाला चुण्या पडतात. ही ढील किती सोडायची, असे विचारले तर ‘ते हाताला कळते’ असे उत्तर मिळते. माझ्या हाताला ते अद्याप कुणी कळवलेले नाही.

तपासताना आई सुलटी बाजू पाहतच नाही. ती कापड उलटे करते, चष्मा नाकावर ओढते आणि विचारते, ‘हाई काय शे भाऊ?’ एवढे म्हटले की उसवणे आले. टाक्याखाली सुईचे टोक सरकवून, कापडाला जराही धक्का न लावता दोरा ओढून काढण्यात मी आता इतका तरबेज झालो आहे, की या कलेला जिल्ह्यात मागणी असती तर मी नोकरी सोडली असती.

यंदा नववीतल्या भाच्याने बटणावर काडेपेटीची काडी आडवी ठेवून टाके घातले, नंतर काडी काढून घेतली आणि सुटलेला ढिला दोरा बटणाखाली देठासारखा गुंडाळून गाठ मारली. आईने उलटी बाजू पाहिली आणि ती काहीच बोलली नाही, ही आमच्या घरातली सर्वोच्च पदवी आहे. तेव्हापासून तिचे पितळी अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, त्याच्या बोटात आहे आणि तपासनिसाचे कामही त्याच्याकडेच गेले आहे. परवा त्याने माझा रफू केलेला सदरा मोबाईल बाजूला न ठेवताच उलटा केला आणि म्हणाला, ‘मामा, उसवा.’ मी आईकडे दाद मागितली, तेव्हा तिने चष्मा लावण्याचीही तसदी न घेता निकाल कायम केला.