‘सेल बोगस आहेत’ म्हणणाऱ्या भाऊंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की 560 रुपयांचे बॅटरीचे दोन सेल घेतले, 80 वॉटवर दोन दिवसही नीट चालले नाहीत, मशीन तापतं, जळका वास येतो, स्क्रीनवर ‘बॅटरी तपासा’ असं येतं. म्हणून सेल बोगस, दुकानदार लबाड आणि काउंटरवरचं पोरगं उर्मट.

पोराचं आधी बोलतो, कारण ते खरं आहे. तुम्ही परत आलात तेव्हा तो म्हणाला, “आमी काय करावं मग?” असं बोलायला नको होतं. मी त्या वेळी आत सोल्डरिंगला बसलो होतो, ऐकू आलं तरी उठलो नाही. ती चूक माझी.

आता सेलचं. तुम्ही घेताना आम्ही विचारलं होतं, “कशाला पायजेत?” तुम्ही म्हणालात, “टॉर्चला.” म्हणून टॉर्चचे दिले. 80 वॉट हा आकडा मी तुमच्या रिव्ह्यूमध्येच पहिल्यांदा वाचला आणि तेव्हा कळलं की सेल वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटच्या मशीनमध्ये गेले. रानात रात्री पाणी द्यायला नेतात त्या टॉर्चला 80 वॉट लागत नाहीत हो.

तुमच्या बिलाच्या मागे पेनानं 2540 लिहिलंय, ते बघा. ते एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप. विकण्याआधी प्रत्येक सेल आम्ही मोजणीच्या मशीनवर लावून मोजतो. छापील 2600, भरला 2540. याला बोगस म्हणत नाहीत. बोगस म्हणजे ज्यावर 9800 छापलेलं असतं आणि जे शंभर-सव्वाशेला मिळतं. 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब एवढ्या डब्यात चांगल्यातला चांगला सेलसुद्धा साधारण साडेतीन हजारांच्या आसपासच जातो. लातूरच्या गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर फिरलात तर 9800 वाले ढिगानं सापडतील, माझ्याकडे नाहीत.

पण सेलमध्ये किती साठा आहे आणि तो एका वेळी किती ओढू देतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकी मोठी असली तरी तोटी अर्ध्या इंचाची असू शकते. तुमच्या सेलची तोटी सलग 5 अँपिअरच्या आसपास आहे. 3.7 व्होल्ट गुणिले 5 म्हणजे साडेअठरा वॉट, त्यात मशीनच्या आतल्या सर्किटचा तोटा वजा करा. 15-16 वॉटच्या पुढे या सेलवर जाऊच नये. तुम्ही मागितले 80. एका सेलच्या मशीनमध्ये 80 वॉट म्हणजे सेल पूर्ण भरलेला असतानाही 19 अँपिअर आणि उतरत 3.2 व्होल्टवर आला की 25. तोटा धरला तर 27-28. पाचाच्या सेलकडून सत्तावीस!

यात एक गोष्ट भल्याभल्यांना उलटी वाटते. सेल उतरत जातो तसा त्याच्यावरचा भार कमी होत नाही, वाढतो. कारण मशीनला स्क्रीनवर सांगितलेले वॉट काहीही करून पुरे करायचे असतात, व्होल्ट कमी पडले की ते अँपिअर जास्त ओढतं. विहिरीवरच्या मोटरीचं आपल्याकडं काय होतं? लाईट कमी दाबानं आली की मोटर जास्त करंट खाते आणि वाइंडिंग जळतं. अगदी तसंच. जास्त ओढलं की सेलचे व्होल्ट झपकन पडतात, ते बघून मशीन ‘बॅटरी तपासा’ म्हणतं. मशीननं तुम्हाला वाचवलं, तुम्ही स्टार माझा कापला.

जळक्या वासाचा मात्र सेलशी संबंध नाही. तुमच्या वेपमधल्या कॉइलवर, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेच्या नळीवर, ओहमच्या आकड्याशेजारी वॉटची मर्यादा बारीक अक्षरात छापलेली असते, 50 ते 60 अशी काहीतरी. सेटिंग तिथून ठरतं. खालच्या आकड्यापासून सुरुवात करून दोन-दोन, पाच-पाच वॉटनं वर जायचं असतं. मित्राचं मशीन 80 वर आहे म्हणून आपलंही 80 वर ठेवायचं नसतं, त्याची कॉइल वेगळी असते. वॉट मर्यादेच्या वर गेले की कॉइलमधला कापूस जितकं द्रव ओढतो त्यापेक्षा लवकर ते उडून जातं आणि मग नुसता कोरडा कापूस जळतो. नवी कॉइल भिजायला वेळ न देता बटण दाबलं किंवा मध्ये न थांबता ओढत राहिलं तरी हेच. एकदा कापूस जळला की वॉट कमी करूनही ती चव जात नाही, कॉइल बदलावीच लागते. आणि त्या कोरड्या धुरात फॉर्मल्डिहाइडसारखी घाण वाढते, ती तुमच्या छातीत जाते, माझ्या दुकानात नाही.

हे मला माहीत आहे कारण बंदीच्या आधी ही मशिनं चार्जिंग पिन बदलायला यायची. आता मी ती हातात घेत नाही. 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळं बंद आहे. विकताना पहिल्यांदा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे “80 वॉटला चालणारे सेल द्या” असं उद्या कुणी वेपचं नाव घेऊन म्हणालं, तर माझ्याकडून मिळणार नाहीत. जास्त अँपिअरचे सेल ड्रिल मशीनवाल्यांसाठी ठेवलेत, ते ड्रिल बघूनच देतो. ओढायचं की सोडायचं ते तुमचं तुम्ही बघा, निकोटिन सुटायला किती अवघड असतं हे मी तंबाखूवरून जाणतो.

आमच्याकडून अजून एक चूक झाली. सेल सुटे दिले, डबी दिली नाही. आता प्रत्येक जोडीसोबत प्लास्टिकची डबी देतोय, पैसे न घेता.

ते दोन्ही सेल आता टॉर्चलाही वापरू नका. एवढं ओढल्यावर आतून काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. दुकानात आणून द्या, 560 रुपये परत घेऊन जा, बिल नसलं तरी चालेल. वरचं कव्हर फाटलं असेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. आणि खिशात किल्ल्या-चिल्लरसोबत टाकून आणू नका, पोराला फोन केलात तर तो डबी घेऊन येईल.