डी.फार्म एक्झिट परीक्षा: माझ्याच फॉरवर्डचा खुलासा

डी.फार्म म्हणजे फार्मसीची पदविका; ती झाल्यावर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करण्याआधी द्यायची परीक्षा म्हणजे एक्झिट. ‘एक्झिटमध्ये राहिलेलाच पेपर पुन्हा द्यायचा, तोही एकदाच; बी.फार्मवाल्यांनाही सक्ती, फी आमच्याकडे भरा’ हा मेसेज परवा मीही पुढे ढकलला होता. चूक माझी. काल काउंटरवर गोळ्यांच्या पट्ट्या मोजता मोजता आमच्या पोरानं विचारलं, तेव्हा कुठं 2022 ची नियमावली उघडली.

तीन पेपर, प्रत्येकात किमान 50 टक्के, तिन्ही एकाच वेळी सुटायला हवेत. एक अडकला की तिन्ही पुन्हा. हे जाचक आहे खरं! मात्र कितीही वेळा बसता येतं. परीक्षा फक्त डी.फार्मसाठी, बी.फार्म म्हणजे पदवीवाल्यांना नाही. फी ही परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या (NBEMS) संकेतस्थळावरच भरायची, मधल्या कुणाकडे नाही. पास झाल्यावर राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणीचा वेगळा अर्ज. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.