मॅकच्या तक्त्यात तेजस तळाला

गेल्या आठवड्यात आमच्या माहीमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक तक्ता येऊन पडला. वर तिरंगा, खाली पाच लढाऊ विमानं आणि प्रत्येकापुढे वेग मॅकमध्ये (मॅक १ म्हणजे आवाजाचा वेग): मिग-२५ मॅक २.८, मिराज-२००० मॅक २.२, सुखोई-३० मॅक २, राफेल १.८ आणि तळाला तेजस, १.६. त्याखाली ठळक अक्षरांत निकाल: ‘वेग जास्त ते विमान भारी. एका इंजिनाचं तेजस म्हणजे पैशाची माती. स्टेल्थ विमान घ्या, रडारला दिसतच नाही, विषय संपला.’ दुपारपर्यंत अंगठ्यांचा ढीग. तळमजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठून विचारलं, “तू हे वाचत असतोस ना, खरं आहे का रे?”

काका, आकडे साधारण बरोबर आहेत. निकाल चुकलाय.

आधी वेग. तोच तक्ता पुन्हा बघा. मिराज-२००० आणि राफेल दोन्ही फ्रान्सच्या दासो कंपनीची. मिराज पहिल्यांदा उडालं १९७८ साली, राफेलचा पहिला नमुना १९८६ साली. म्हणजे नंतरचं विमान आधीच्यापेक्षा हळू! अमेरिकेचं एफ-१६ मॅक २ गाठतं आणि त्याच्या जागी येणारं एफ-३५ मॅक १.६ वर थांबतं, अगदी आपल्या तेजसइतकंच. एवढी वर्षं विमानं बनवणारे मधेच विसरले की काय?

मॅक २ च्या आसपास जायचं तर इंजिनात शिरणारी हवा आधी नीट मंद करावी लागते. मिग-२१ च्या नाकातला तो शंकू त्यासाठीच पुढेमागे सरकायचा. मिराजच्या दोन्ही बाजूंना हवा शिरायची तोंडं आहेत, त्यांतही सरकणारे अर्धे शंकू आहेत. ही यंत्रणा वजन वाढवते, बिघडते, तिची देखभाल करावी लागते. राफेलच्या तोंडात हलणारं काहीच नाही, तेजसच्याही नाही. शिवाय तो कमाल वेग मिळतो तो उंचावरच्या विरळ हवेत, पूर्ण आफ्टरबर्नरवर (म्हणजे इंजिनाच्या मागच्या झोतात जादा इंधन जाळून), पंखांखाली फारसं काही नसताना, आणि तोही इंधन घटाघटा पीत काही मिनिटंच. क्षेपणास्त्रं आणि इंधनाच्या टाक्या लटकवल्या की तक्त्यातला आकडा तक्त्यातच राहतो. पहिल्या नंबरवरचं मिग-२५ तर त्या वेगाच्या उष्णतेपायी बहुतांशी पोलादाचं बनवलेलं. सरळ रेषेत सुसाट, वळायला म्हशीसारखं. आपल्या हवाई दलाने ते २००६ पर्यंत बरेलीहून उडवलं, पण टेहळणीसाठी. उंचावरून फोटो काढायला त्याला तोड नव्हती.

दुसरा मुद्दा, एक इंजिन की दोन. यासाठी वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये जा. आवारात मारुत हे भारतात बनलेलं जुनं लढाऊ विमान उभं आहे. मागच्या बाजूला जाऊन बघा, इंजिनांची दोन नळकांडी शेजारीशेजारी दिसतील. पंख मागे झुकलेले, अंग सडपातळ, उभ्या जागी वेगवान वाटावं असं रूप. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांनी बंगळूरला आखलेलं हे विमान १९६१ साली उडालं. त्याला मॅक २ चं स्वप्न होतं. पण ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनाभोवती ते आखलं होतं, त्याच्या विकासाचा खर्च ब्रिटिशांनी मागितला, आपण दिला नाही आणि ते इंजिन बारगळलं. मग नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानात एक असायचं त्याच जातीची दोन बसवली, आफ्टरबर्नरशिवाय. दोन इंजिनं असूनही सपाट उड्डाणात मारुतने आवाजाचा वेग कधी ओलांडला नाही. १९७१ च्या युद्धात त्याने जमिनीवरच्या हल्ल्यांचं काम चोख केलं, ते वेगळं. मला त्या विमानाजवळ उभं राहिलं की अजून हळहळ वाटते.

सांगायचं ते हे, की इंजिनं मोजून भागत नाही. ती किती रेटतात आणि काय ओढतात ते बघावं लागतं. तेजस रिकामं सुमारे साडेसहा टनांचं, पूर्ण भरून साडेतेरा टन. सुखोई भरलेलं जवळजवळ ३९ टन. लांब पल्ल्याला, समुद्रावर, दोन इंजिनांचा आधार वाटतो हे खरंच. पण त्या बदल्यात इंधन, सुटे भाग आणि दुरुस्तीचे तास सगळं वाढतं. आपल्या तळाजवळचं आकाश राखायला दर वेळी सुखोई पाठवणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं.

तेजसला नावं ठेवायचीच असतील तर खरी ठेवा. त्यात इंधन कमी मावतं. शेपटीविना मोठा त्रिकोणी पंख त्याला पहिलं वळण झटकन घेऊ देतो, पण वळत राहिलं की वेग भराभर गळतो. आणि इंजिन पुन्हा परक्याचं. मार्क-१ए या तेजसच्या सुधारित आवृत्तीसाठीच्या ९९ इंजिनांपैकी पहिलं अमेरिकेतून आलं ते मार्च २०२५ मध्ये, ठरल्यापेक्षा पुष्कळ उशिरा. वरळीच्या त्या दोन नळकांड्यांची गोष्ट अजून संपलेली नाही.

आता ‘रडारला दिसतच नाही’. दिसतं, पण उशिरा. स्टेल्थ विमानाचा आकार आणि अंगावरचा लेप असा असतो, की रडारच्या लहरी त्यावरून फार कमी परततात. रडारचा पल्ला परतणाऱ्या लहरींच्या चौथ्या मुळाने कमी होतो. म्हणजे विमानाची झळक, म्हणजे त्यावरून परतणाऱ्या लहरींचा वाटा, सोळा पटींनी घटवली तेव्हा कुठे २०० किलोमीटरवर दिसणारं १०० वर दिसतं. दहा हजार पटींनी घटवली तर वीस किलोमीटरवर. फायदा प्रचंड आहे, पण अदृश्य होणं हे नव्हे. २७ मार्च १९९९ ला सर्बियाच्या तुकडीने अमेरिकेचं एफ-११७ पाडलं, ते जुन्या एस-१२५ क्षेपणास्त्राने, ज्याची पेचोरा ही आवृत्ती आपल्याकडेही आहे. त्यांचं शोधक रडार लांब लहरींचं होतं, आणि अशा लहरींपुढे या आकारांची जादू फिकी पडते.

शिवाय लपायचं तर शस्त्रंही पोटात लपवावी लागतात. एफ-३५ च्या पोटात एरवी चार क्षेपणास्त्रं मावतात. जास्त हवी असतील तर पंखांखाली टांगायची, आणि मग लपण्यासाठी दिलेला तो महागडा लेप असून नसल्यासारखा.