आधी मत, मग जमलं तर पुस्तक

कुणीतरी तुम्हाला एक कादंबरी सुचवली आहे. तिच्यात प्रकरणं नाहीत, निवेदक सज्जन नाही, पहिल्याच पानावर शिवी आहे आणि शेवटी कुणाचं भलं होत नाही, एवढी माहिती ऐकीव का होईना तुमच्यापर्यंत आलेली आहे. आता वाचावी की नाही? एवढ्याशा प्रश्नासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. सोलापुरात हा निर्णय चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या होतो आणि बहुतेक वेळा एकमताने होतो. नवख्यांची अडचण होऊ नये म्हणून पद्धत नीट लिहून देतो.

सुरुवात मलपृष्ठापासून करा. 'दाहक', 'अस्वस्थ करणारी', 'रोखठोक' यांपैकी कुठलेही दोन शब्द सापडले की पुस्तक खाली ठेवायचं. तो मजकूर बऱ्याचदा लेखकाने लिहिलेलाच नसतो आणि आतल्या भाषेशी त्याचा काही संबंध नसतो, हे डोक्यात आणू नका. पहिलं पान आणि मधलं कुठलंही एक पान दुकानातच वाचलं तर पाच मिनिटांत जास्त कळतं. पण नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळाली हेच नशीब, तिथे पाच मिनिटं कुणाकडे आहेत?

प्रस्तावना असेल तर ती मात्र आधी वाचा, आणि पूर्ण वाचा. प्रस्तावनाकार मोठ्या मनाचा असतो. तो पंचवीस-तीस पानांत कथानक, शेवट, प्रतीकं आणि लेखकाचं बालपण असं सगळं सांगून टाकतो. मग मूळ कादंबरी वाचताना काहीच उरत नाही आणि 'यात विशेष काय आहे' असं प्रामाणिकपणे म्हणता येतं. प्रस्तावना शेवटी वाचणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका.

'कोसला' वाचली आहे असं सांगा. १९६३ पासून सगळेच सांगतात.

पुस्तक पाचशेचं आहे म्हणून पीडीएफ मागा. मिळेलच.

पुढचा आक्षेप भाषेचा, तो सोलापुरात ठासून घ्यावा. 'ही कसली मराठी, निम्मं कळतच नाही,' असं म्हणायचं आणि त्याच दमात टपरीवरच्या पोराला 'का बे, काय करलालास, चहा आण की' म्हणायचं. ज्या गावात अशोक चौक ते सात रस्ता एवढ्या एका रिक्षाफेरीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडते, तिथल्या वाचकाला कागदावर मात्र सदाशिव पेठच लागते. वऱ्हाडी बोलीतली 'धग' ही कादंबरी १९६० साली आली, ती वाचून कुणाची जीभ वाकडी झाल्याचं ऐकिवात नाही. तरी तुम्ही धोका पत्करू नका. बोली नडते ती पहिली वीस-तीस पानं, आणि त्यामागचं कारण साधं आहे. ओळखीचा शब्द आपण अक्षर अक्षर लावून वाचत नाही, पाहिल्याबरोबर ओळखून पुढे सरकतो. बोलीत 'आहे'चं 'हाय' होतं, शब्द अनोळखी दिसतो, डोळा अडखळतो आणि राग लेखकावर निघतो. पहिली चार पानं मोठ्याने वाचली तर जे डोळ्याला अडतं ते कानाला लगेच ओळखू येतं. अडलेल्या शब्दापाशी थांबायचंही कारण नसतं, कारण तोच शब्द पुढच्या दहा पानांत तीनदा भेटतो आणि तिसऱ्यांदा आपसूक कळतो. हे टाळायचं असेल तर मनातल्या मनात, भरभर आणि वैतागून वाचावं. कादंबरी यंत्रमागावरची असेल तर धोटा, कांडी, ताणा, बाणा यांचे अर्थ मागे दिलेले नाहीत अशीही तक्रार करावी. जन्म सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात गेलेला असला तरी.

इतकं करूनही कुणाच्या आग्रहाखातर वाचायला घ्यावी लागलीच, तर हमखास फसायची रीत आहे: रोज रात्री अंथरुणात चार पानं. नेहमीच्या कादंबरीत लेखक दर प्रकरणाला आठवण करून देतो की हा कोण, हे गाव कुठलं, मधे किती दिवस गेले. या कादंबऱ्यांत ते टेकू मुद्दाम काढलेले असतात. काळ मागेपुढे जातो, आणि 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) मध्ये तर तो सरळ चालतच नाही. अशी कादंबरी चार-चार पानांनी वाचणारा रोज नव्याने हरवतो. तिची पहिली बैठक तास-दीड तासाची लागते. छापखान्याच्या हिशेबात सांगायचं तर सोळा पानांचे तीन फर्मे, म्हणजे ४८ पानं, एका बैठकीत. तेवढ्यात निवेदकाचा आवाज कानात बसतो आणि मग काळाच्या उड्या खटकत नाहीत. दुसरी अडचण नावांची. एकाच माणसाला आई एका नावाने हाक मारते, दोस्त दुसऱ्या आणि पोलीस तिसऱ्या. खुणेच्या चिठ्ठीवर नाव, तो कोणाचा कोण आणि पहिल्यांदा कोणत्या पानावर आला, एवढं लिहीत गेलं तर दहा-बारा नावांत काम भागतं. प्रकरणं नसली तरी मधूनमधून मोकळी ओळ सोडलेली असते. थांबायचं ते तिथे, आणि दुसऱ्या दिवशी आधीचं एक पान परत वाचून पुढे जायचं. यातलं काहीही करू नका. रात्री साडेअकराला, एक डोळा मोबाइलवर आणि एक कान नळाकडे ठेवून, चारच पानं वाचा. आठवड्याभरात 'लिंकच लागत नाही' असं म्हणायला मोकळे.

'सकारात्मक काहीतरी वाचावं' हे वाक्य तयार ठेवा. याला कुणाकडेच उत्तर नसतं.

आता शिव्या. परवा एका वाचनालयाची प्रत हाती आली. कुणा संस्कारी वाचकाने तिच्यातल्या शिव्या निळ्या बॉलपेनने, पट्टी लावून खोडल्या होत्या. पान ३८ पर्यंत एकही सुटलेली नव्हती. ३९ पासून शेवटपर्यंत सगळ्या जागच्या जागी, कागदाला पेन लागलेलं नाही. म्हणजे गृहस्थांनी ३८ पानं वाचली आणि तीनशे पानांच्या पुस्तकाची शुद्धी करून ते परत केलं. समासात 'अश्लिल!!' असा शेरा होता. तोही ऱ्हस्व.

हीच पद्धत उत्तम. शिव्या मोजा. मात्र मोजताना कोण कोणाला आणि कधी देतो तिकडे पाहू नका, हिशेब बिघडतो. निम्म्या शिव्या दोस्ताने दोस्ताला मारलेल्या हाका निघतात. काही माणूस मार खाऊन आल्यावर एकटा बसून स्वतःलाच देतो. आणि खरी घाण शिवी असते ती मालक नाहीतर साहेब एकही वावगा शब्द न वापरता देऊन जातो. तिच्यावर बॉलपेन चालत नाही, म्हणून ती खोडलेली दिसत नाही. विडी वळणारी बाई दिवसभर मान मोडून हजार विड्या वळते, कारखान्यात त्यातल्या मूठभर छाट म्हणून बाजूला पडतात, तेवढी मजुरी जाते, तंबाखूच्या धुळीने खोकत ती घरी येते. घरी येऊन तिने काय म्हणावं अशी तुमची अपेक्षा आहे? 'अरेरे'? रात्रपाळीत सूत सारखं तुटत असताना मागावरचा माणूस काय म्हणत असेल, सुभाषित? आणि तुमच्या नळाला ठरल्या दिवशी पाणी आलं नाही की तुम्ही गच्चीवरून टाकीकडे बघत जे बोलता, ते अजून कुठल्याही मराठी कादंबरीत छापायची हिंमत कुणी केलेली नाही. सामना हरल्यावर, सिग्नलला कुणी आडवा आल्यावर तुमच्या तोंडून फुलं पडत नाहीत. पोरं मागच्या सीटवर बसून ऐकत असतात. पण तेच छापलं की संस्कृती धोक्यात! १९६५ साली 'वासूनाका' ही कादंबरी आली तेव्हाही अश्लील म्हणून असाच गदारोळ झाला होता. साठ वर्षं झाली, आरडाओरडा तोच आहे, फक्त आता तो टाइप करून करता येतो.

अश्लीलता ठरवायचीच असेल तर तिचीही रीत आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवर खटला चालला. खालच्या न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखक चंद्रकांत काकोडकरांना निर्दोष सोडलं. आक्षेपार्ह मजकूर बघायचा तो संपूर्ण कृती समोर ठेवून, असं न्यायालयाने सांगितलं. न्यायाधीशांना पूर्ण कथा विचारात घ्यावी लागली. तुम्हाला ३८ पानं पुरली.

गावाची बदनामी हा मुद्दा राहिला. कादंबरीत बंद पडलेली मिल, झोपडपट्टी किंवा रेल्वे रुळांच्या कडेची वस्ती असेल तर विचारा, 'आपल्याकडे सिद्धेश्वराचं देऊळ नाही का? गड्डा यात्रा नाही का? शेंगाचटणी नाही का? हे का नाही लिहिलं?' चटणीवर कादंबरी लिहा म्हणावं. याच जिल्ह्यातल्या, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' १९८४ साली आलं. ते आत्मकथन आहे, एका माणसाने स्वतःचं जगणं लिहिलेलं आहे. तरी त्याला कादंबरी म्हणणारे आणि वर 'जरा जास्तच रंगवलंय' असा शेरा मारणारे इथेच भेटतात. उपाशी पोराची भूक किती रंगवायची असते, तेही यांनीच सांगावं.

ऐका. कादंबरी सोडून द्यायला काहीच हरकत नाही. वाचणं ही काही सक्ती नाही. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, किंवा मारहाण, बलात्कार, आत्महत्या यांचं वर्णन सहन होत नसेल, तर ज्याने वाचली आहे त्याला आधी विचारा की असं काही आहे का आणि कुठे आहे. तेवढी पानं ओलांडा नाहीतर पुस्तकच राहू द्या. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि घाण लिहिली म्हणून कादंबरी चांगली ठरते असंही नाही. टाकाऊ पुष्कळ असतात आणि ओळखूही येतात. सगळी माणसं एकाच पद्धतीच्या शिव्या देतात. गरिबांच्या वस्तीत तीनशे पानांत कुणी एकदाही हसत नाही. कोण काय काम करतो, रोजचे किती मिळतात, कुणाची उधारी किती आहे, याचा पत्ता नाही. अशा लेखकाने वस्ती लांबून पाहिलेली असते. त्याचं पुस्तक खुशाल बंद करा, मीही करतो. पण हे कळायला आत जावं लागतं.

वाचनालयाची महिन्याची वर्गणी पाचशेच्या पुस्तकापुढे किरकोळच असते. पुस्तक आणा, तीन फर्मे वाचा, नाही जमली तर परत करा. कुणी विचारलं तर सांगा, 'बावन्नाव्या पानावर सोडली, ती मारहाण वाचवेना.' हे मत झालं, याच्याशी बोलता येतं, भांडता येतं. 'आजकाल काहीही छापतात' हे मत नाही, ती ढेकर आहे. ती चारचौघांत देऊ नये एवढं तुम्हाला घरी शिकवलेलं असेलच. आणि खोडाखोड करायची इतकी हौस असेल तर स्वतःच्या पैशाने प्रत विकत घ्या, घरी बसून पानच्या पानं निळी करा. वाचनालयाच्या प्रतीला हात लावू नका. तुमच्यानंतर ती ज्या पोराच्या हाती पडते, त्याने तुम्हाला ती आधी चाळून द्यायला सांगितलेलं नाही.